फुकट चाललेला धूर

पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते तिचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो. पुस्तकात हे वाक्य कुणाला काही करत नाही. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण ज्या घरात लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी होते आणि मिठाईचे रिकामे डबे पुढची वीस वर्षं डाळी सांभाळतात, त्या घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराच्या हाती हे वाक्य लागलं की अनर्थ ओढवतो. "मामा, तिसरा हिस्सा! रोज! फुकट चाललाय!" असं माझा भाचा म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. आणि फुकट जाणारं काही परत मिळवायचं असलं, की त्यासाठी खर्च किती येतो हे आमच्या खानदानात कुणी विचारत नाही.

हे दुःख जगात पहिल्यांदा ज्याला झालं तो मात्र कोल्हापूरचा नव्हता. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली त्यावर पेटंट घेतलं. कल्पना अशी, की बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या वाटेत एक चक्र ठेवायचं. धूर ते फिरवणार. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबणार. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून धूर जास्त, धूर जास्त म्हणून चक्र आणखी जोरात. ऐकताना यात कुठंच पैसे द्यावे लागत नाहीत. ब्यूखीसाहेबांना हे व्यवहारात धड चालवून दाखवायला पुढची वीसेक वर्षं लागली, ही माहिती भाच्याच्या वहीत नव्हती.

टर्बो नसलेल्या इंजिनाला नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणतात. हे इंजिन म्हणजे पंगतीत बसलेला शहाणा पाहुणा. भूक असेल तेवढं घेतो, पानात टाकत नाही, हात धुऊन उठतो. पिस्टन खाली जातो, पोकळी होते, बाहेरच्या हवेचा दाब जेवढी हवा आत ढकलेल तेवढी आत येते, विषय संपला. टर्बो म्हणजे आग्रह करणारा यजमान. पाहुणा आडवा हात धरून 'पुरे, पुरे' म्हणत असताना त्या हाताखालून पानात चार जिलब्या सरकवणारा. अर्ध्या बारचा बूस्ट, म्हणजे साधारण सात पीएसआय, दिला तर कागदावर इंजिनात दीडपट हवा जाते. आता ज्याला लहानपणापासून आग्रहाची सवय आहे तो हे पचवतो. कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेल्या इंजिनाचे पिस्टन त्या बेतानं घडवलेले असतात, व्हॉल्व्ह उष्णता सोसणारे असतात, पिस्टनला खालून तेलाचे फवारे दिलेले असतात. पण वीस-बावीस वर्षं दोन पोळ्या आणि वरणभातावर काढलेल्या माणसाला एकदम जिलब्यांच्या पंगतीत बसवलं तर पुढं काय होतं, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

दाजींची मारुती ८०० ही अशी वरणभातावरची. २००२ सालची, पांढरी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती. दाजींनी तिला कधी साठच्या वर नेलं नाही. उतार लागला की ते इंजिन बंद करतात आणि गाडी न्यूट्रलवर सोडतात. असं केल्यानं ब्रेक जड होतो, हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं आहे. पन्हाळ्याहून खाली येताना गाडीत एवढी शांतता असते, की मागच्या सीटवरच्या ताईची रामरक्षा पुढं स्पष्ट ऐकू येते.

या गाडीला टर्बो लावायचा, असं भाच्यानं ठरवलं. त्याच्याकडे वंशावळीचा पुरावा होता. जपानात १९८७ साली सुझुकीनं आल्टो वर्क्स नावाची गाडी काढली. आपल्याकडची ८०० ज्या आल्टोवरून बेतली, तिचीच ती सख्खी बहीण. इंजिन अवघं ५४३ सीसीचं, पण टर्बो लावून काढलेली ताकद ६४ अश्वशक्ती. त्या बहिणीनं असा काही धुमाकूळ घातला, की छोट्या गाड्यांना ६४च्या पुढं न्यायचं नाही असा जपानी कंपन्यांत आपसात समझोता झाला.

"म्हणजे रक्तातच आहे," भाचा म्हणाला.

"बहीण जपानात असते," दाजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "तिचं खाणंपिणं वेगळं."

आता शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनापासून ऊस गाळायच्या चरकापर्यंत काहीही ओतून, कातून, जोडून देणारी माणसं इथं एका हाकेवर भेटतात. त्यामुळे कोल्हापुरात 'हे होणार नाही' असं यंत्राच्या बाबतीत कुणी म्हणत नाही. म्हणायची सोयच नाही, कारण शेजारच्या शेडमधला ते करून दाखवतो. आमचे मेस्त्री बोनेटखाली डोकावले, पानाची पिचकारी बाजूला टाकली आणि म्हणाले, "हुतंय की." भाच्याचा चेहरा उजळला. मेस्त्रींचं वाक्य पुरं झालेलं नव्हतं. "हुतंय की, पण..." या 'पण'च्या पुढं जे आहे, त्यालाच जुन्या गाडीला टर्बो लावणं म्हणतात.

टर्बो स्वतः स्वस्तात मिळाला. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आपल्याकडे मारुतीनं, टाटानं, कितीतरी गाड्यांत वापरलं. त्यामुळे भंगारात त्याच्या मुठीएवढ्या टर्बोंची टंचाई नाही. भाच्यानं तो घरी आणला, रॉकेलनं धुतला, आणि ताईनं तो देवघराजवळून दोनदा उचलून बाहेर ठेवला. मेस्त्रींनी तो बोटानं फिरवून बघितला आणि पहिला 'पण' काढला. डिझेलचा धूर तुलनेनं थंड. पेट्रोलचा धूर नऊशे अंशांच्या पुढंही जातो. डिझेलचा टर्बो पेट्रोलवर किती दिवस टिकेल ते त्याच्या नशिबावर. दुसरा 'पण' असा, की हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून इंजिनातून त्याला तेलाची लाइन द्यायची. तेल द्यायचं म्हणजे परत घ्यायचं. परत येणारं तेल दाबानं येत नाही, आपल्या वजनानं ओघळतं. म्हणून टर्बो उंचावर पाहिजे, नळी उताराची पाहिजे, आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला भोक पाडून तिथं वेल्डिंग पाहिजे. चेंबर उतरवला. चेंबर उतरवलाच आहे तर रिंगा बघू. रिंगा बघितल्या तर गेलेल्या होत्या. (जुनं इंजिन आधी बांधून घ्या आणि मगच टर्बोचं नाव काढा, हा सल्ला जगातला प्रत्येक शहाणा मेस्त्री देतो आणि जगातलं प्रत्येक गिऱ्हाईक तो दुसऱ्या खेपेला ऐकतं.)

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे, फक्त इथं ती शंभर अंशांच्या पुढं जाऊ शकते. तापलेली हवा आत गेली, की ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपापल्या मर्जीनं पेटतं आणि पिस्टनवर टकटक सुरू होते. यालाच नॉकिंग म्हणतात. थोडी टकटक ऐकू येते तोवर ठीक. जास्त झाली की पिस्टनला भोक पडतं आणि मग काहीच ऐकू येत नाही. त्यावर उपाय म्हणजे इंटरकूलर, हवा निववायची जाळी. पाहुण्याला जिलबीच्या मध्ये मठ्ठा दिल्यागत. ती जाळी वारा लागेल अशी पुढं बसवायची. ८०० च्या नाकात जागा किती असते ते आपण सगळे जाणतो. तिथं रेडिएटर होता आणि एसीचा कंडेन्सर होता. मेस्त्रींनी दाजींकडे बघितलं. दाजींनी ताईकडे बघितलं. ताई तिथं नव्हती, म्हणून एसी गेला.

मग हवा दीडपट म्हणून पेट्रोल दीडपट, म्हणून मोठे इंजेक्टर. बूस्टवर असताना मिश्रण नेहमीपेक्षा दाट ठेवावं लागतं. एरवी पेट्रोलच्या एका भागाला हवेचे चौदा-पंधरा भाग, इथं बाराच्या आसपास. म्हणजे पेट्रोलचा पंप जोरकस पाहिजे. पण इंजेक्टर किती उघडायचा हे ठरवतो ईसीयू, आणि त्या बिचाऱ्याला कंपनीनं हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असू शकतो हे कधी शिकवलेलंच नाही. म्हणून ईसीयूच्या डोक्यावर दुसरा ईसीयू. तो बसवायला पुण्याहून लॅपटॉपवाला. लॅपटॉपवाला येतो, गाडीत बसतो, चहा घेतो, आकडे बदलतो आणि मेस्त्रींच्या चारपट पैसे घेतो. मेस्त्री त्याच्याकडे बघत उभे असतात. त्यांच्या नजरेत मत्सर नसतो. आपण आयुष्यभर उगाच हात काळे केले, एवढंच असतं.

ताकद वाढली म्हणून क्लच सटकायला लागला, नवा क्लच. हेडखालची गॅस्केट उडाली, जाड गॅस्केट. इंजिन तापायला लागलं, मोठा रेडिएटर. पुढची चाकं जागेवर फिरायला लागली, कारण १४५ मिलिमीटर रुंदीच्या टायरकडून तरी किती अपेक्षा करायची. आणि एवढं सगळं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की थांबायचंही असतं, मग ब्रेक. दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला, ही म्हण ज्यानं काढली त्यानं टर्बो बघितलेला नसणार, नाहीतर त्यानं रुपयावर भागवलं नसतं. आणि पदरात काय पडलं? ३७ची दीडपट, म्हणजे साडेपंचावन्न अश्वशक्ती, तेही कागदावर. मारुतीच्याच झेनला लिटरभराच्या इंजिनात आधी ५० आणि पुढं ६० अश्वशक्ती होती. टर्बोशिवाय, आणि एसी चालू ठेवून. मेस्त्रींनी हे भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: "झेनचं इंजिन टाक की. एका दिवसात बसतंय." कायद्यानं इंजिन बदलायलाही आरटीओची परवानगी लागते हा भाग वेगळा. पण झेनचं इंजिन टाकण्यात नाद कुठला?

या नादापायी मोठमोठ्या कंपन्याही शहाण्या राहिलेल्या नाहीत. टर्बो लावून विकलेल्या पहिल्या दोन मोटारी अमेरिकेत १९६२ साली आल्या: शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर. जेटफायरची गोष्ट प्रत्येक हौशी पोरानं उशाला ठेवावी अशी आहे. त्यांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन सव्वादहाला एक एवढं चढंच ठेवलं आणि वर टर्बो बसवला. साहजिकच टकटक. ती थांबवायला त्यांनी एक वेगळी टाकी दिली आणि तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण भरायला सांगितलं. त्याला नाव दिलं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. म्हणजे गाडीत पेट्रोल भरायचं, तेल बघायचं, आणि शिवाय हे रॉकेटचं तीर्थ. गिऱ्हाईक ते भरायला विसरायचं. टाकी रिकामी झाली की गाडी शहाणपणानं बूस्ट बंद करायची, आणि मालक तक्रार घेऊन दारात हजर: 'गाडी ओढत नाही.' शेवटी कंपनीनं १९६५ मध्ये सांगितलं, की आणा, टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देतो, पैसे नकोत. बरेच जण गेले. साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या विकल्या होत्या. टर्बोसकट शाबूत राहिलेली जेटफायर आज संग्राहकांना शोधत फिरावं लागतं.

बीएमडब्ल्यूनं तर १९७३ मध्ये २००२ टर्बो काढली आणि पुढच्या बंपरखाली 'टर्बो' ही अक्षरं उलटी रंगवली, रुग्णवाहिकेवर असतात तशी, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात ती सुलटी दिसावीत आणि त्यानं बाजूला व्हावं. जर्मनीत त्यावर एवढा गहजब झाला की ती अक्षरं मागं घ्यावी लागली. त्याच सुमाराला अरबांनी तेल रोखलं, आणि घटाघटा पेट्रोल पिणारी ती गाडी दोन हजारांचा आकडाही न गाठता बंद झाली. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली ती सावधगिरीचा इशारा म्हणून. तो दुसऱ्या दिवशी नंबरप्लेटवाल्या पेंटरकडे गेला आणि 'टर्बो' उलटं लिहून मागितलं. पेंटरनं आधी बराच वेळ विचार केला, मग अक्षरं सुलटीच ठेवून त्यांची फक्त जागा बदलली. कोल्हापुरातली एक मारुती ८०० पुढं काही आठवडे बंपरवर 'बोर्ट' मिरवत फिरत होती.

न्यायानं बोलायचं तर टर्बो ही चीज थोर आहे. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस नावाच्या इंजिनिअरनं १९१८ साली विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर नेलं. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं ते इंजिन विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडला, आणि ते शिखरावर पुन्हा साडेतीनशेच्या पुढं गेलं. जिथं हवाच कमी, तिथं आग्रहाचा यजमान हवाच. आज तुमच्या दारातल्या लिटरभराच्या टर्बो पेट्रोल गाडीत जी जान आहे ती त्याचीच. माझी तक्रार एवढीच, की कोल्हापुरात हवा कमी नाही. पन्हाळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरसुद्धा उंच नाही.

गाडी तयार झाली. पहिल्याच दिवशी भाचा मला दसरा चौकातून घेऊन निघाला. टर्बोचं असं आहे, की धूर भरपूर झाल्याशिवाय चक्र जोरात फिरत नाही, आणि चक्र फिरल्याशिवाय ताकद येत नाही. मधल्या या वाट बघण्याला टर्बो लॅग म्हणतात. भाच्यानं ॲक्सिलरेटर दाबला. काही झालं नाही. मी खिडकीबाहेर बघितलं. इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांवर गेलं आणि एकदम, खटक्यावर बोट आणि जाग्यावर पलटी, माझं डोकं मागं आपटलं. त्याच क्षणी स्पीडब्रेकर आला. भाच्यानं पाय काढला, बोनेटमधून 'फिश्श' असा आवाज झाला. ही ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. दाबलेली हवा अचानक नकोशी झाली की ती बाहेर सोडते. रस्त्याकडेच्या एका गृहस्थांनी हात करून आम्हाला थांबवलं आणि मागचं चाक बसल्याचं सांगितलं. भाच्यानं त्यांचे आभार मानले, कारण हा आवाज कुणीतरी ऐकला यातच त्याचे निम्मे पैसे वसूल झाले होते.

आपल्या शहरांतल्या दोन स्पीडब्रेकरांमधलं अंतर बरोबर टर्बो लॅगएवढं असतं. हे सार्वजनिक बांधकाम खात्यानं मोजूनमापून केलेलं आहे असं मी म्हणणार नाही, पण ताकद यायला आणि उंचवटा यायला एकच गाठ पडते. शहरभर आम्ही वाट बघणं आणि 'फिश्श' एवढंच करत होतो. अर्ध्या बारची खरी चव शिरोलीच्या पुढं हायवेवर मिळाली, आणि ती टोल येईपर्यंतच.

घरी आल्यावर नवी अडचण. टर्बो तापलेला असताना इंजिन झटक्यात बंद केलं, तर तेल वाहायचं थांबतं आणि आतल्या आत जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं. दारात गाडी घर्रघर्र करत उभी, आत भाचा ध्यानस्थ, आणि वरून ताई विचारते, "येणार आहेस का कुणाला न्यायचंय?" दाजींच्या हातात गाडी गेली की विषयच संपला. उतार लागताच चावी बंद करणारा माणूस आणि टर्बो हे दोघं एका गाडीत नांदूच शकत नाहीत. भाच्यानं त्यांना आकृती काढून समजावलं. दाजींनी ती शांतपणे बघितली आणि विचारलं, "म्हणजे उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचं?"

"हो."

"वाया?"

भाच्याला उत्तर सुचलं नाही.

कायद्याची बाजू मी मुद्दाम मागं ठेवली आहे, कारण भाच्यानंही तेच केलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही ठरवला: दर फेरफाराला पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. यातलं 'दर फेरफाराला' हे शब्द दाजींनी वाचले आणि लग्नपत्रिकेची एक कोरी बाजू जवळ ओढली. टर्बो एक, इंटरकूलर दोन, इंजेक्टर तीन, दुसरा ईसीयू चार... चेंबरचं भोक धरायचं की नाही यावर दोघांचा वाद झाला.

पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि दाजींच्या गाडीची तारीख जवळ आलेली होती. मेस्त्रींनी सगळं उतरवलं. मूळचा मॅनिफोल्ड शेडच्या कोपऱ्यात जपून ठेवलेला निघाला. "परत लागतंय हे माहिती हुतं," असं ते सहज म्हणाले. एसीही आला. बांधलेलं इंजिन, नवा क्लच, मोठा रेडिएटर आणि ताजे ब्रेक यांच्यासह ती ३७ अश्वशक्तीची ८०० आता जन्मल्यापासून कधी नव्हती इतकी छान चालते. आरटीओच्या साहेबांनी बोनेट उघडून बघितलं आणि एवढी जुनी गाडी इतकी चांगली ठेवल्याबद्दल दाजींचं कौतुक केलं. दाजींनी ते स्वीकारलं.

टर्बो पुन्हा कधी बसवायचा, यावर घरात बोलणं चालू आहे. दरम्यान आमच्या गल्लीतल्या एका पोरानं आपल्या जुन्या वॅगनआरच्या सायलेन्सरच्या तोंडात ॲल्युमिनियमची एक शिट्टी बसवून घेतली आहे. ती काही शे रुपयांना मिळते, धूर जाताना वाजते आणि हुबेहूब टर्बोचा आवाज काढते; बाकी गाडीला तिनं काहीही होत नाही. परवा रंकाळ्यावर त्याच्या गाडीभोवती दहा-बारा पोरं जमली होती. भाचा तिथं आमची ८०० घेऊन गेला, आणि आपल्या गाडीला खराखुरा टर्बो होता हे त्यानं सगळ्यांना सविस्तर सांगितलं, तेलाच्या नळीच्या उतारासकट. पोरांनी ऐकून घेतलं. मग त्यातला एक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भावा, कशाला एवढं टेन्शन घेतोस? शिट्टी बसव की."